सुटी फळं वेचणारी

लग्न होऊन ती त्या बागेत आली तेव्हा दारात मावत नव्हती, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. नाव ठेवणारा मुकादम. त्या माणसाला दुसऱ्याच्या अंगापिंडावरून विनोद करायची खोड, आणि स्वतःचं पोट मात्र पट्ट्यावरून ओसंडलेलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. बावीस वर्षं वाकून वाकून ती खरोखर चिमणीएवढी झाली, तरी कुणाला ते बदलावंसं वाटलं नाही. उलट आता शोभतंय म्हणाले.

बाग तेलमाडांची. सगळी झाडं सारख्या अंतरावर, सारख्या वयाची. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की पार पलीकडच्या टोकाला बोटभर उजेड दिसायचा. आपण सकाळी ज्या साबणानं तोंड धुतो, चहाबरोबर जे बिस्कीट मोडतो, बायका ओठांना जी लाली लावतात, त्या सगळ्यात या झाडाचं तेल असतं आणि पुडक्यावर ते असं बारीक छापलेलं असतं की चष्मा लावूनही दिसू नये. चिमणीला हे सगळं फार पुढं कळलं. सुरुवातीला तिला एवढंच शिकवलं होतं की घड सुटतो तेव्हा खाली उभं राहायचं नसतं.

नवरा कापणारा. लांबलचक नळीच्या टोकाला कोयता, आणि ती नळी दोन्ही हातांनी तोलत वर न्यायची, जिथं काटेरी झावळ्यांच्या बेचक्यात घड बसलेला असतो. चांगला वीस-पंचवीस किलोचा ऐवज. कोयता अडकवायचा, हिसका द्यायचा, बाजूला व्हायचं. दिवसभर मान वर. पण गंमत अशी की घड पिकला की नाही हे वर बघून नीट कळतच नाही. ते खाली कळतं. पिकत्या घडाची फळं आपसूक सुटून बुंध्याशी पडतात, मोठ्या बोराएवढी, केशरी, हाताला ओशट लागणारी. दहाएक पडली की घड काढायला झाला. दोन-तीनच असली तर कच्चा. गिरणीवाले तो बाजूला काढून नावानिशी शिव्या घालतात. आणि खाली नुसता सडा असला तर उशीर झाला, तेल आंबायला लागलं.

तेव्हा वर बघायचं नवऱ्यानं आणि खाली बघायचं हिनं. गवतात, पडलेल्या झावळ्यांत, मुंग्यांच्या रांगांत एक नजर टाकून ती सांगायची, "थांबा," नाहीतर, "हं, काढा." घरात त्याचा शब्द चालायचा, भाजीत मीठ कमी पडलं तरी आवाज चढायचा. झाडाखाली मात्र हुकूम हिचा. तिनं "थांबा" म्हटल्यावर त्यानं कोयता लावलाय असं बावीस वर्षांत एकदाही झालं नाही. घड आदळला की आणखी फळं चौफेर उधळायची, ती एकूण एक वेचायची, कारण सगळ्यात जास्त तेल त्या सुट्या फळांतच. शिवाय एखादं राहिलंच तर तिथं रोप उगवून चहाडी करतं. वेचलेली फळं पोत्यात, पोतं डोक्यावर, तिथून गाडीच्या रस्त्यापर्यंत. सकाळी सहाला ती वाकायची आणि दुपारी दोनला सरळ व्हायची.

आणि एवढं सगळं करत असताना ती कामावर नव्हती.

हजेरीपटावर नाव एकट्या नवऱ्याचं. एका माणसाचं म्हणून जे काम ठरवून दिलं होतं ते दोघांचं होतं, हे बागेतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. कापायचं, झावळ्या रचायच्या, घड ओढून न्यायचे, सुटी फळं वेचायची, हे एका दिवसात एकट्याच्यानं होईल असा राक्षस अजून जन्माला यायचाय. म्हणून प्रत्येक कापणारा बायकोला घेऊन यायचा. कंपनी बघायची नाही. मुकादम बघायचा आणि एखादीचं पोतं हलकं दिसलं तर तिलाच झापायचा, "काय गं, फुकट आलीस काय?" फुकटच आली होती ना बिचारी!

मग शिक्क्याचं खूळ आलं. खूळ म्हणू नये खरं तर. दूरच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं की तेल कुठून येतं, कसं येतं, हे तपासून हिरव्या पानाचा शिक्का मारलेला असेल तरच आम्ही घेऊ. नियम काही वाईट नव्हते हो, एकेक नियम सोन्यासारखा. नवीन जंगल तोडायचं नाही. ओढ्याच्या काठची झाडं राखायची. गिरणीतलं घाण पाणी तसंच ओढ्यात सोडायचं नाही. फळांचा चोथा बॉयलरला जाळायचा, रिकामे घड परत झाडांच्या मुळाशी पसरायचे, काही वाया घालवायचं नाही. साहेब पाहुण्यांना हे फार अभिमानानं सांगत. "माणसं सोडून," असं चिमणी मागच्या मागे पुटपुटायची. उंदरांना विष घालायचं नाही, तर त्यासाठी घुबडं पाळली. झाडाझाडांवर लाकडी खोके ठोकले, खोक्यांवर पांढऱ्या रंगात आकडे, आणि दर महिन्याला एक माणूस शिडी घेऊन कुठल्या खोक्यात किती घुबडं, किती पिल्लं, हे वहीत उतरवून घ्यायचा.

"घ्या!" चिमणी जावेला म्हणाली. "घुबडाची नोंद झाली. आता आपलाच नंबर."

जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको. दीरही कापणारा, त्याची ओळ शेजारची, आणि दोघी जावा ओळीच्या दोन्ही बाजूंनी वेचत वेचत सासूची नक्कल करत पुढे जायच्या. त्या दिवशी दोघी इतक्या हसल्या की दिरानं वरून ओरडून विचारलं, काय झालं म्हणून.

शिक्केवाले तपासायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मुकादमानं सगळ्या बायकांना जमवलं. शिक्क्याच्या नियमात होतं की नोंद नसलेलं माणूस कामाला लावायचं नाही. मग ह्या बारा-पंधरा बायांचं करायचं काय? मुकादम म्हणाला, "कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही कामाला येत नाही, नवऱ्याचा डबा द्यायला येतो. पाठ करा."

चिमणी म्हणाली, "मुकादम, सगळ्या जणी सकाळी सहालाच डबा घेऊन आलेल्या दिसल्या तर ते विचारतील, इथं लग्न आहे काय?"

हशा पिकला. मुकादमही हसला आणि म्हणाला, "तुझं तोंड चांगलं चालतं. उद्या तूच पुढं राहा."

दुसऱ्या दिवशी तपासणारी बाई आली. वयानं तरुण, बोलायला गोड, पायात चिखलाचे बूट. चिमणीला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "इथं तुम्ही काय करता?"

"डबा द्यायला आलेय यांचा."

बाईनं तिचे हात बघितले. नखांत केशरी रंग, बोटांना काट्यांचे ओरखडे. "हे काय लागलंय?"

"तेल सांडलं स्वयंपाकघरात."

"खरं सांगितलंत तरी तुम्हाला काही होणार नाही," बाई हळूच म्हणाली. "हवं तर तुमचं नाव बाहेर येणार नाही. फळं वेचता ना तुम्ही?"

आता इथं गप्प बसली असती तर चाललं असतं. पण लांबून मुकादम बघत होता, बाया बघत होत्या, नवरा नळी धरून उभा होता, आणि त्याची नोकरी आपल्या जिभेवर आहे हे तिला कळत होतं. तिला चेव चढला. कमरेवर हात ठेवून ती कण्हल्यासारखं करत म्हणाली, "मी आणि फळं वेचणार? अहो बाई, पायातली चप्पल पडली तर शेजारणीला हाक मारावी लागते मला! कंबर लग्नाच्या वर्षीच गेली माझी, वाकताच येत नाही."

बाई हसली. वाईट वाटल्यासारखं डोकं हलवून तिनं ते लिहून घेतलं आणि खाली चिमणीचा अंगठा घेतला. संध्याकाळी मुकादम म्हणाला, "चिमणे, बाजी मारलीस तू." पुढं वर्षभर बाया एकमेकींना कण्हून दाखवायच्या आणि हसायच्या. खोटं कशाला बोला, तिला अभिमानच वाटला होता. नवऱ्याची नोकरी वाचवली, बागेला शिक्का मिळवून दिला, कापणाऱ्यांना पानाचं चित्र असलेल्या टोप्या मिळाल्या. नवरा ती टोपी झोपतानाच काढायचा.

शिक्का मिळाला तशी कंपनी शहाणी झाली. शिक्का गमावणं परवडणार नव्हतं. फाटकावर पहारेकरी बसला आणि बायकांना आत जायला बंदी झाली, खऱ्याखुऱ्या डब्यासह. काम मात्र तेवढंच राहिलं, एका माणसाचं, म्हणजे दोघांचं. नवऱ्यानं आता नळी खाली ठेवायची, बुंध्याशी जाऊन फळं मोजायची, परत नळी उचलायची, कापायचं, मग स्वतःच वाकून वेचायचं. त्याचे डोळे वरचं बघायला तयार झालेले. गवतातलं त्याला दिसेना. गिरणीच्या फाटकाशी घडांची प्रत बघणारा माणूस त्याच्या गाडीतला एकेक कच्चा घड बाजूला काढत म्हणाला, "काय रे, डोळे घरी विसरलास वाटतं!" नवऱ्यानं हे घरी येऊन सांगितलं आणि तो हसला नाही.

चिमणी घरात बसून काय करणार? खोली ती केवढी, झाडून काढायला पाच मिनिटं. जमिनीवर काही पडलं की तिचा हात आपोआप जायचा. एकदा मुलगी आली. मुलगी शहरात दुकानात कामाला होती, तिनं आईसाठी साबण आणला. "आई, बघ, तुमच्या शिक्क्याचा." वेष्टणावर हिरवं पान, आणि पानाखाली टोपली घेतलेली, दात दाखवून हसणारी बाई, केशरी फळं वेचतानाची. चिमणीनं ते उजेडात धरून बराच वेळ बघितलं.

"हिला आत कुणी सोडलं गं?" ती म्हणाली.

मुलगी हसली. चिमणीला रडू यायला लागलं होतं, पण मुलगी एकाच दिवसासाठी आली होती, म्हणून तीही हसली.

दोन वर्षं नवऱ्यानं एकट्यानं ओढली. मग एका सकाळी त्याच्या हातातून नळी सुटली. हातांना मुंग्या, बोटात जोर नाही. डॉक्टरनं सांगितलं, मानेचा मणका दबलाय. आयुष्यभर वर बघितल्याचं फळ. गळ्याला कडक पट्टा बांधला, काम कायमचं बंद केलं, आणि पुढच्या महिन्यात कंपनीच्या इस्पितळात ऑपरेशन ठरवलं. ते झालं नाही तर हळूहळू पायही जातील म्हणाले. औषधपाणी, ऑपरेशन, सगळं कंपनीकडून. आजारानं घरी बसलेल्या कामगाराला तेवढं मिळतं. खोली मात्र मिळत नाही. खोली कामावरच्या माणसाची. घरातलं दुसरं कुणी हजेरीपटावर असेल तर राहा, नाहीतर तीन महिन्यांत सामान उचला. आणि उचलून जायचं कुठं? मुलगी स्वतःच चौघींत एका खोलीत राहत होती.

असा सगळा अंधार असताना ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला. नव्या साहेबानं लावला होता. हा साहेब कामगारांच्या नोंदी बघायला नेमलेला, पोरसवदा, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. कागदावर लिहिलं होतं की ज्या बायकांनी पूर्वी नोंदीशिवाय काम केलं असेल त्यांनी पुढं यावं, त्यांची नावं हजेरीपटावर घेतली जातील. शिक्केवाल्यांनीच तसा आग्रह धरला होता. जावेनं कागद वाचून दाखवला तेव्हा चिमणीनं तिचा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. नाव लागलं की खोली राहील. खोली राहिली की ऑपरेशन करून आलेला माणूस ठेवायला छप्पर राहील. आणि खोलीचं सोडा, नाव लागेल! तिनं दुसऱ्याच दिवशी ऑफिस गाठलं.

साहेबानं खुर्ची दिली. तिनं सगळं सांगितलं. त्यानं कपाटातून एक फाइल काढली, चाळली, आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी, तुमचा जबाब आहे इथं. ‘मी काम करत नाही, कंबरेच्या दुखण्यामुळे मला वाकता येत नाही.’ खाली अंगठा तुमचाच ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली आणि सरळ जमिनीवर उपडी केली. साहेब "अहो, अहो!" म्हणेपर्यंत ती वाकलेली होती. गुडघे ताठ, कंबर मोडून, दोन्ही हात सुटे. टेबलाखालच्या, खुर्चीच्या पायामागच्या, भिंतीच्या फटीतल्या टाचण्या तिनं अशा टिपल्या की बघता बघता डबी भरली. तिनं ती टेबलावर ठेवली. "घ्या. एखादी राहिली असेल तर दाखवा."

साहेबानं खरंच वाकून बघितलं. एकही राहिली नव्हती. "मला पटलं हो मावशी," तो म्हणाला. "पण कागदाला पटायला हवं ना. एक साक्ष आणा. हजेरीपटावर असलेल्या किंवा असून गेलेल्या एका माणसानं सांगायचं की ह्या बाईनं काम केलं. एकच पुरे. पण ही यादी महिनाअखेरीला बंद होते, हे लक्षात ठेवा."

एक साक्ष! पंधरा बाया, पंधरा कापणारे, मुकादम, पोती उचलणारे गाडीवाले; अर्ध्या बागेनं तिला वाकलेलं बघितलं होतं. एक काय, शंभर आणीन, असं म्हणत ती मुकादमाकडे गेली. तो आता निवृत्त होऊन घरापुढे कोंबड्यांना दाणे टाकत बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कानांवर हात ठेवले. "त्या वेळी माझ्यासमोर बिननोंदीची बाई काम करत होती असं मी कसं लिहून देऊ? माझंच निवृत्तीचं सगळं अडकवतील. आणि चिमणे, मी तुला फक्त डबा म्हणायला सांगितलं होतं. कंबर तुझी तू घातलीस."

ते मात्र खरं होतं. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही मेल्यानं.

मग दीर. दीर घरात असून बाहेर आला नाही, जाऊ आली. जिच्या दोन्ही बाळंतपणांना चिमणी रात्र-रात्र जागली होती ती जाऊ, दारातच उभी राहून डोळे पुसायला लागली. "ताई, यांनी तुमचं सांगितलं की साहेब लगेच विचारणार, तुझ्या ओळीत कोण वेचायचं? मग आमची पाळी. यांची नोकरी चालू आहे अजून, ताई. तुम्ही समजून घ्या."

"घेतलं समजून," चिमणी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिनं स्वतः जावेच्या जागी हेच केलं असतं, आणि ते तिला कळत होतं म्हणून तर राग कुठं ठेवावा ते समजेना. बाकीच्यांकडे ती दोन-तीन दारांपर्यंत गेली. कुणी पाणी दिलं, कुणी बसायला दिलं, साक्ष कुणी दिली नाही.

नवरा हे सगळं खाटेवरून ऐकत होता. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याला बोलणाऱ्याकडे वळता यायचं नाही, तो समोरच्या भिंतीशी बोलायचा. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा तो भिंतीला म्हणाला, "मी सांगतो की. मी पण हजेरीपटावरचाच."

"तुमचं चालेल?"

"न चालायला काय झालं? बावीस वर्षं माझ्याच तर झाडाखाली होतीस. आणि माझं आता कोण काय वाकडं करणार? घरीच तर बसलोय."

हे आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून चिमणीनं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याची दाढी केली, पट्ट्याच्या वरची आणि खालची, धुतलेला सदरा घातला. त्यानं टोपी मागितली. रस्त्यानं दोघं सावकाश गेले. जाताना त्यानं आपण होऊन एक जुनी गोष्ट काढली, कुठल्याशा वर्षी तिनं "सरका!" ओरडल्यामुळे घड डोक्यात पडायचा कसा वाचला ती. त्याला ती आठवत असेल असं तिला वाटलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

साहेबानं दोघांना बसवलं, कागद तयार केला. "मला एक वाचून दाखवावं लागतं," तो म्हणाला, आणि तोंड कडू झाल्यासारखं करत वाचायला लागला. नियम असा, की नोंद नसलेलं माणूस कामावर ज्यानं आणलं तो कामगार दोषी. दोषी कामगाराचे आजारपणाचे हक्क बंद.

"म्हणजे?" चिमणीनं विचारलं.

"म्हणजे यांनी तुम्हाला आणलं असं यांनीच सांगितलं, तर यांचं ऑपरेशन कंपनी करणार नाही."

"यांनी आणलं? अहो, मुकादमानं वेचायला लावलं, कंपनीनं दोघांचं काम एकट्याला दिलं..."

"कागदावर कंपनीनं कुणालाच आणलेलं नाही, मावशी. दुसऱ्या कुणाची साक्ष असती तर यांचं नाव कुणी विचारलं नसतं. नवऱ्याचीच साक्ष म्हटल्यावर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. त्यालाही लाज वाटत होती, पण लाजेनं नियम बदलत नाहीत.

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. खोली घ्यावी तर नवऱ्याचे पाय जाणार, पाय वाचवावे तर खोली जाणार. डोक्यावरचा पंखा खडखडत होता. चिमणीला कळून चुकलं होतं की हा कागद होणार नाही. तिनं तो होऊही दिला नसता. नवऱ्यानं "हो" म्हटलं असतं तर पुढच्या क्षणी तिनंच साहेबाचा हात धरून सांगितलं असतं, लिहू नका, फाडा तो. पण त्यानं आधी "हो" म्हणावं असं तिला वाटत होतं. मनापासून, पोटातून वाटत होतं. कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं की ती होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, दुसरीकडे बघणं त्याला शक्यच नव्हतं.

"काय लिहू?" साहेबानं विचारलं. "ह्या तुमच्याबरोबर काम करायच्या?"

"नाही," नवरा म्हणाला.

साहेबानं पेन खाली ठेवलं.

"डबा आणायची ती," नवरा म्हणाला. "तिला वाकता येत नाही."

दुसरं वाक्य कशाला बोलला कुणास ठाऊक. भीतीनं बोलला असेल. एवढ्यावर भागलं नाही तर, म्हणून बोलला असेल. माणूस घाबरला की उगाच जास्त बोलतो, हे चिमणीइतकं कुणाला माहीत होतं? तिला सगळं समजत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

साहेबानं तिच्याकडे बघितलं. "मावशी, तुमचं काय म्हणणं?"

"ते म्हणतात तसंच," ती म्हणाली.

साहेबानं कागदावर तिरकी रेघ मारली. खोलीसाठी पंधरा दिवस वाढवून मिळतात का ते बघतो म्हणाला, ऑपरेशनच्या तारखेला गाडी पाठवतो म्हणाला. नवऱ्यानं दोनदा "उपकार झाले" म्हटलं. मग तो टेबलाला धरून उठला आणि दोघं बाहेर आले.

ऑफिसला सहा पायऱ्या होत्या. पट्ट्यामुळे त्याला पायाखालचं काही दिसत नसे. कुठं पायरी, कुठं दगड, ते तिनं सांगायचं आणि मग त्यानं पाऊल टाकायचं. वरच्या पायरीच्या काठाशी येऊन तो थांबला. एक पाय पुढं काढून, हात जरा हवेत धरून, समोर गिरणीच्या फाटकाकडे बघत उभा राहिला. ती त्याच्या मागे एका हातावर होती. तिनं तोंड उघडलं नाही.

फाटकातून घडांनी भरलेली एक गाडी आत गेली. मग आणखी एक.

"आहेस ना गं?" त्यानं विचारलं.



"अगं, आहेस ना?" त्याचा आवाज फाटला.

"हे आत सांगायचं होतंत," चिमणी म्हणाली, आणि त्याचा कोपर धरला. "टाका पाऊल. पायरी आहे."